लिनक्सच्या दप्तराची झाडाझडती

आपल्या संगणकावर कोणकोणती सॉफ्टवेअर बसविलेली आहेत, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित आणि नीटनेटक्या गृहस्थास विचारला, तर तो बहुधा ब्राउझर, पत्रव्यवहारासाठी घेतलेले ऑफिस, मराठी टंकलेखनाची सोय आणि गाणी ऐकण्याचे एखादे साधन अशी पाच-सहा नावे सांगून थांबेल, आणि त्याच्या सांगण्यात खोटे असे काही असणार नाही. तथापि त्याच्या यंत्रावर डेबियन किंवा उबंटू या घराण्यातील लिनक्स असेल आणि तोच प्रश्न त्याने यंत्राला विचारला, तर उत्तरादाखल येणारी यादी दीड-दोन हजारांच्या घरात जाईल, आणि तीतील बहुसंख्य नावे त्याने जन्मात ऐकलेली नसतील. मालकाचे उत्तर आणि यंत्राचे उत्तर यांच्यात पडणारे हे अंतर का पडते, ते किती पडू द्यावे आणि ते कमी करावयाचे तर कोणत्या रीतीने करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ही नावे कोणी चोरपावलांनी घुसविलेली नसतात, हे आरंभीच सांगितले पाहिजे. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येते ते पॅकेजच्या रूपाने, आणि पॅकेज म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्रामच्या फाइली, त्या कोठे ठेवावयाच्या याची व्यवस्था, ठेवण्यापूर्वी व ठेवल्यानंतर चालवावयाच्या आज्ञा, आणि ‘मी काम करावे अशी इच्छा असेल तर अमुक अमुक मंडळी आधी हजर हवीत’ असे बजावणारे मागणीपत्र, यांची एकत्र बांधलेली गठडी होय. ज्या काळी ही रचना नव्हती त्या काळी सॉफ्टवेअर बसविणे म्हणजे त्याचा मूळ कोड आणून तो आपल्याच यंत्रावर घडविणे आणि घडून निघालेल्या फाइली यंत्रभर पसरू देणे. त्या कोठे गेल्या याची नोंद कोणापाशीही नसल्यामुळे, बसविलेले काढणे हे बसविण्याहून बिकट होऊन बसे. १९९३ च्या ऑगस्ट महिन्यात आयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली ती त्या वेळी प्रचारात असलेल्या एसएलएस नावाच्या लिनक्स-संचाच्या ढिसाळपणास कंटाळून, आणि या नव्या प्रकल्पाचा पाया ठरला तो डीपीकेजी हा प्रोग्राम, ज्याला पुढे १९९४ मध्ये आयन जॅक्सन यांनी सी भाषेत आजचे रूप दिले. डीपीकेजी हा कडक शिस्तीचा कारकून आहे. मागणीपत्रातील मंडळी हजर नसली तर तो काम अडवून धरतो, परंतु त्यांना बोलावून आणणे हे काही तो आपले कर्तव्य मानीत नाही. ती उणीव भरून काढणारा ॲप्ट हा प्रोग्राम १९९९ च्या मार्चमध्ये डेबियन २.१ बरोबर आला, आणि तेव्हापासून एक नाव उच्चारावे व त्याच्या मागणीपत्रातील सारी मंडळी, त्या मंडळींच्या मागणीपत्रातील आणखी मंडळी, अशी सगळी वरात आपोआप दाराशी उभी राहावी, ही सोय सर्वांना लाभली. दीड-दोन हजारांची यादी जन्मास येते ती या सोयीतून.

डीपीकेजीचे दप्तर सामान्य माणसालाही वाचता येते, हा त्याचा मोठा गुण होय. ‘व्हार’ या निर्देशिकेच्या पोटात ‘लिब’, तिच्या पोटात ‘डीपीकेजी’, आणि तेथे ‘स्टेटस’ नावाची एक फाइल असते. ती कोणत्याही गूढ स्वरूपात साठविलेली नसून साध्या मजकुराची आहे, आणि तीत प्रत्येक पॅकेजचे नाव, त्याची आवृत्ती, त्याची देखभाल कोण करतो, त्याला कोणाकोणाची गरज लागते आणि ते काय करते, हे परिच्छेदवार लिहिलेले असते. शेजारच्याच ‘इन्फो’ निर्देशिकेत प्रत्येक पॅकेजने यंत्रावर कोणती फाइल कोठे ठेवली याची फर्द मिळते. त्यामुळे पॅकेजातून आलेली यंत्रावरील कोणतीही फाइल दाखवून ‘ही कोणाची?’ असे विचारले, म्हणजे ‘डीपीकेजी’पुढे ‘-एस’ हे मोठे अक्षर आणि फाइलचा पत्ता लिहून आज्ञा दिली, की कारकून क्षणार्धात मालकाचे नाव सांगतो. (येथे आज्ञांचे उच्चार नागरीत दिले आहेत; यंत्रावर त्या रोमन अक्षरांतच टंकावयाच्या असतात.) परंतु सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जमीन कोणाच्या नावावर आहे ते कळते, ती त्याने कशासाठी घेतली ते कळत नाही, तशीच या दप्तराचीही मर्यादा आहे. पॅकेज आहे, अमुक आवृत्तीचे आहे, अमुक फाइली त्याच्या आहेत, येथवर त्याची साक्ष पक्की. ते का हवे होते, हे मालकाने सांगावयाचे.

या ‘का’चा निदान अर्धा भाग तरी यंत्राने टिपून ठेवावा, या हेतूने ॲप्ट आणखी एक खूण बाळगतो. मालकाने नाव घेऊन मागितलेले पॅकेज ते ‘मॅन्युअल’, आणि दुसऱ्या कोणाच्या मागणीमुळे आलेले ते ‘ऑटो’. तपासणीस आरंभ करावयाचा तो या भेदापासून. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा दिली की मालकाच्या नावे खर्ची पडलेली सगळी पॅकेजे एकाखाली एक उभी राहतात, आणि प्रथमच पाहणाराला त्या यादीत आपण कधीही न मागितलेली पुष्कळ नावे आढळून आश्चर्य वाटते. त्यात लबाडी नाही. लिनक्स प्रथम बसविताना जो प्रोग्राम सारी मांडामांड करतो, त्याने आणलेल्या बऱ्याच वस्तूही मालकानेच मागितल्या असे दप्तर धरून चालते. कारण त्या दिवशी आज्ञा देणारा मालक दुसरा कोण होता? पुढे कोणत्या तरी वर्तमानपत्री सल्ल्यावरून उत्साहाच्या भरात बसविलेली आणि विसरलेली साधनेही याच यादीत बसलेली असतात. या यादीतील प्रत्येक नावापाशी थांबून ‘हे येथे का आहे?’ असे स्वतःस विचारणे, ही खरी तपासणी होय. प्रश्नाचे उत्तर न आल्यास यंत्राला विचारण्याचीही सोय आहे. ‘ॲप्टिट्यूड’ नावाचा एक जुना आणि चतुर प्रोग्राम आहे, तो हल्ली वेगळा बसवावा लागतो, परंतु त्याची ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ ही आज्ञा एखाद्या पॅकेजचे नाव घेऊन दिली तर ते कोणाच्या मागणीवरून येथे राहिले आहे याची साखळी कडीकडीने मांडून दाखविते.

या साखळीचा एक मासला येथे देण्यासारखा आहे. डेबियनची जी ‘लाइव्ह’ प्रत मिळते, म्हणजे जी न बसविताच चालवून पाहता येते आणि पसंत पडल्यास तशीच्या तशी डिस्कवर उतरविता येते, तीवरून बसविलेल्या यंत्रात पुष्कळदा ‘एक्सआयटर्म+थाई’ नावाचे पॅकेज आढळते. ही थाई लिपीसाठी केलेली टर्मिनलची खिडकी होय. ज्याने थायलंडचा किनारासुद्धा पाहिलेला नाही त्याच्या घरी ही पाहुणी कशी आली, याचा तलास काढीत गेले तर साखळी थाई भाषेच्या ‘टास्क’पाशी पोहोचते, टास्क म्हणजे एका भाषेच्या किंवा एका कामाच्या लोकांना लागणाऱ्या पॅकेजांना एका नावाखाली गोवणारे पॅकेज. लाइव्ह प्रत जगातील सर्वांसाठी एकच काढलेली असल्याने तीत अनेक भाषांचे टास्क भरलेले असतात, आणि प्रत डिस्कवर जशीच्या तशी उतरते तेव्हा ते सर्व मालकाच्या गळ्यात पडतात. जपानी टंकलेखनाची सामग्री येते तीही याच वाटेने. येथे मराठी माणसास हसू येणे साहजिक आहे; परंतु त्याच संचात मराठीचाही टास्क आहे, आणि रेड हॅट कंपनीने उपलब्ध करून दिलेले ‘लोहित’ हे देवनागरी टंक पॅकेजरूपानेच येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे बँकॉकमधील कोणी गृहस्थ आपल्या यंत्राची झाडाझडती घेताना आपल्या लिपीकडे पाहून असाच हसत असेल, हेही ओळखता येईल. थाई खिडकी मराठी मालकाने खुशाल काढावी. परंतु ‘फॉन्ट्स’ या शब्दाने आरंभ होणारी सगळीच नावे निरुपयोगी समजून एका दमात उडविली, आणि त्यांत यंत्रावरील एकुलता देवनागरी टंकही गेला, तर दुसऱ्या दिवशी मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकोनांच्या रांगा वाचीत बसण्याची पाळी येईल.

मॅन्युअल यादीतील नको ती नावे काढली, किंवा ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ या आज्ञेने त्यांवरील खूण तेवढी बदलली, म्हणजे जी ऑटो पॅकेजे आता कोणाच्याही मागणीपत्रात उरली नाहीत ती निराधार ठरतात, आणि ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा त्यांना निरोप देते. या आज्ञेवर नवशिक्यांचा फार विश्वास असतो आणि अनुभवी लोकांचा बेताचा असतो. दोघांनाही कारणे आहेत. मागणीपत्रात तीन प्रती असतात: ज्यावाचून काम चालणारच नाही ती ‘डिपेंड्स’, जे सामान्यतः सोबत असावे ती ‘रेकमेंड्स’, आणि जे असल्यास बरे ती ‘सजेस्ट्स’. आणताना ॲप्ट पहिल्या दोन प्रतींची मंडळी न विचारता आणतो, तिसरीची आणीत नाही. काढताना मात्र तो अधिक दयाळू होतो, आणि एखाद्या पॅकेजचे नाव कोणाच्या तरी ‘सजेस्ट्स’मध्ये नुसते उल्लेखिलेले असले तरी त्याला निराधार मानीत नाही. यामुळे ऑटोरिमूव्हने ‘काढण्याजोगे काही नाही’ असा दाखला दिला तरी यंत्र नीटनेटके झाले, असा अर्थ होत नाही. एखाद्याने कधी काळी सहज सुचविले एवढ्याच आधारावर कित्येक पॅकेजे वर्षानुवर्षे वतन सांभाळून असतात. उलटपक्षी, संपूर्ण डेस्कटॉपला एका नावाखाली बांधणारे पॅकेज अनवधानाने काढले गेले तर निराधारांची यादी एकाएकी लांब होऊ शकते, आणि तीत आपण रोज वापरतो ती साधनेही दिसू लागतात. आज्ञेपुढे ‘-एस’ हे लहान अक्षर जोडले तर यंत्र प्रत्यक्ष काहीही न करता काय करणार आहे तेवढे सांगते. ती रंगीत तालीम एकदा शांतपणे वाचून पाहावी. वाचण्याचा कंटाळा असलेल्याने या वाटेस जाऊच नये.

वाचण्याचा कंटाळा किती महाग पडतो याचे जगजाहीर उदाहरण २०२१ सालच्या नोव्हेंबरात घडले. लायनस सेबास्टियन हे कॅनडातील यूट्यूबवरचे संगणकविषयक ख्यातनाम निवेदक. त्यांनी लिनक्स वापरून पाहण्याचा संकल्प सोडला आणि पॉप ओएस नावाच्या संचावर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसविण्यास घेतले. त्या संचातील पॅकेजांत त्या वेळी एक दोष होता, आणि त्यामुळे स्टीम आणावयाचे तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागेल असा ॲप्टचा हिशेब झाला. ॲप्टने तो हिशेब लपविला नाही. काढावयाच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवून, हे यंत्रास आवश्यक आहे, हे घातक ठरेल, अशी ताकीद देऊन, तरीही पुढे जावयाचे असेल तर ‘होय, मी सांगतो तसे कर!’ या आशयाचे एक संपूर्ण इंग्रजी वाक्य टंकून दाखवा, असे त्याने बजावले. सेबास्टियन यांनी ते वाक्य टंकले, आणि काही क्षणांत पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवरील अक्षरांखेरीज काही उरले नाही. लाखो प्रेक्षकांनी ते पाहिले, दोन तट पडले, आणि ॲप्टच्या कर्त्यांनी नंतर यंत्रास आवश्यक अशी पॅकेजे काढण्याची वाट पूर्वीपेक्षा अधिक अवघड करून ठेवली. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष वाटून घ्यावयाचा तर मोठा वाटा ती पॅकेजे तशी पाठविणाऱ्यांचा होता. परंतु सूचना वाचूनही न वाचल्यासारखे करण्याची सवय आपणा सर्वांना लागलेली आहे आणि तिचे खापर कोणत्याही कंपनीवर फोडता येत नाही.

काढण्याचेही दोन प्रकार आहेत, ते थोडक्यात सांगतो. ‘रिमूव्ह’ म्हटले की पॅकेजच्या फाइली जातात, पण मालकाने फेरफार केलेल्या असू शकतील अशा रचनेच्या फाइली मागे राहतात. ‘पर्ज’ म्हटले की त्याही जातात. ‘डीपीकेजी -एल’ या आज्ञेने मिळणाऱ्या यादीत प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरे असतात, त्यांपैकी ‘आयआय’ म्हणजे हवे आहे आणि बसलेले आहे, व ‘आरसी’ म्हणजे काढले आहे पण रचनेची फाइल शिल्लक आहे. पुष्कळ वर्षे वापरलेल्या यंत्रावर या ‘आरसी’ ओळींची संख्या पाहण्यासारखी असते. त्या जागा फारशी अडवीत नाहीत. परंतु एखाद्या सर्व्हरवर जुन्या सेवेची रचना पडून राहिली आणि पुढे कोणी तीच सेवा पुन्हा बसविली, तर कधी काळी केलेली मोकळीक, उघडे ठेवलेले दार, आपोआप पुन्हा उघडते. पर्ज करण्यापूर्वी त्या फाइलींची एक प्रत बाजूस काढून ठेवावी.

आतापर्यंत सांगितले ते डेबियनच्या अधिकृत भांडारातून आलेल्या पॅकेजांविषयी. त्याहून कसून चौकशी व्हावयास हवी ती बाहेरून आलेल्यांची. आपल्या आवडत्या ब्राउझरच्या, निरोपांच्या किंवा सभासंमेलनांच्या सॉफ्टवेअरची कंपनी आपले स्वतंत्र भांडार चालविते, आणि तिचे पॅकेज एकदा बसविले की ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ या निर्देशिकेत त्या भांडाराचा पत्ता पुष्कळदा आपसूक नोंदला जातो. पॅकेज बसताना, बदलताना व निघताना त्याच्या पोटातील आज्ञा यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने, म्हणजे ‘रूट’ या नात्याने चालतात; तेव्हा एखाद्याचे भांडार यादीत नोंदविणे म्हणजे त्याला आणि त्याच्या वारसांना आपल्या यंत्राचे मुखत्यारपत्र लिहून देणेच होय, मग त्यातून आलेले सॉफ्टवेअर कितीही किरकोळ असो. कंपनी बुडते, विकली जाते, भांडाराचा पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो, पण मुखत्यारपत्र रद्द करण्याचे मालकाच्या ध्यानीमनी नसते. यासाठी त्या निर्देशिकेतील प्रत्येक फाइल उघडून पाहणे हे मॅन्युअल यादी वाचण्याइतकेच निकडीचे आहे, आणि माझ्या मते त्याहूनही अधिक. त्याचबरोबर ‘ॲप्ट लिस्ट’पुढे अवतरणचिन्हांत ‘?ऑब्सोलीट’ असे लिहून दिलेली आज्ञा, यंत्रावर बसलेली पण आता कोणत्याही नोंदलेल्या भांडारात न मिळणारी पॅकेजे काढून दाखविते. ही खरी बेवारस मंडळी. त्यांच्यात उद्या दोष सापडला तरी दुरुस्ती घेऊन कोणी येणार नाही.

अधिकृत भांडारातील पॅकेजही डोळे मिटून विश्वासण्याजोगे असते असे नाही, हे २९ मार्च २०२४ रोजी सर्वांस कळून चुकले. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचे एक विकासक आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर म्हणविल्या जाणाऱ्या आवृत्तीवर काम करीत असता, दूरच्या यंत्रावर प्रवेश देणारी एसएसएच ही सेवा नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक घेते, असे त्यांच्या ध्यानात आले. अर्ध्या सेकंदाचा हिशेब विचारणारा मनुष्य विरळाच. त्यांनी तो विचारला, आणि माग काढीत ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या पॅकेजच्या ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीपाशी पोहोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कोणी तरी अत्यंत कौशल्याने चोरवाट ठेवली होती. एक्सझेडची देखभाल वर्षानुवर्षे लासे कॉलिन हा एकटा फिनिश गृहस्थ फावल्या वेळात करीत असे. ‘जिया टॅन’ असे नाव सांगणाऱ्या कोणी २०२१ पासून त्याला साहाय्य करीत करीत त्याचा विश्वास संपादन केला, देखभालीचा अधिकार मिळविला, आणि मग हा डाव साधला.

या प्रकरणातील आपल्या कामाची गोष्ट निराळी आहे. एसएसएचच्या मूळ कर्त्यांनी लिबएलझेडएमएचा उपयोग कधीच केलेला नव्हता. डेबियनने आणि आणखी काही संचांनी ‘सेवा सुरू झाली’ एवढा निरोप सिस्टमडी या व्यवस्थापकास पोहोचविण्यासाठी एसएसएचला सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, त्या लायब्ररीस लिबएलझेडएमए लागत होती, आणि अशा रीतीने एका निरोपासाठी फाइली दाबणारे यंत्र कुलपाच्या खोलीत येऊन बसले होते. मालकाने कितीही कसून तपासणी केली असती तरी त्याला ही चोरवाट दिसली नसती, कारण पॅकेज अधिकृत होते, त्यावर योग्य ती सही होती आणि ते खरोखर कोणाच्या तरी मागणीपत्रात होते. मात्र ती बातमी फुटली त्या संध्याकाळी जगभरच्या व्यवस्थापकांना एकच प्रश्न पडला, ‘हे माझ्याकडे आहे काय, आणि कोणत्या आवृत्तीचे?’ आणि ज्यांचे दप्तर चोख होते त्यांना एका आज्ञेत उत्तर मिळाले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो माल पोहोचलाच नव्हता. पुढे जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचच्या ९.८ या आवृत्तीत तो निरोप पाठविण्याची छोटीशी सोय एसएसएचच्या स्वतःच्याच पोटात करण्यात आली, आणि सिस्टमडीच्या लायब्ररीचे प्रयोजन राहिले नाही. सफाई हा शब्द मला यथार्थपणे लावावासा वाटतो तो अशा कामाला.

दप्तर चोख असणे याचा अर्थ दप्तरे किती आहेत हे ठाऊक असणे, असाही घ्यावा लागतो. पायथन भाषेचा पिप, तसेच स्नॅप आणि फ्लॅटपॅक, आणि डॉकरचे कंटेनर, या सॉफ्टवेअर आणण्याच्या इतर वाटा आपापले स्वतंत्र दप्तर राखतात आणि डीपीकेजीला त्यांचा पत्ता नसतो. पिप तर पूर्वी डीपीकेजीने बसविलेल्या फाइलींच्या जोडीला आपल्या फाइली आणून घोळ करीत असे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून, हे यंत्र दुसऱ्याच्या व्यवस्थेखाली आहे, असे सांगून तो असे करण्यास सरळ नकार देतो. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत भयंकर दोष सापडला, तेव्हा ती इतर सॉफ्टवेअरच्या पोटात गुंडाळून आलेली असल्याने ती आपल्याकडे कोठे कोठे आहे हे शोधून काढणे मोठमोठ्या संस्थांनाही जड गेले. सॉफ्टवेअरबरोबर त्यातील घटकांची फर्द द्यावी, या विचाराने त्यानंतर जोर धरला, आणि भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा फर्दीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

एवढे सांगूनही वाचकांपैकी कोणी तरी जागेचे काय, असे विचारणारच. जागा हे माझ्या मते या कामाचे सर्वांत दुय्यम प्रयोजन होय. ‘ॲप्ट क्लीन’ने उतरवून घेतलेल्या पॅकेजांच्या प्रती जातात, ते निर्धोक आहे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जुन्या आवृत्त्यांकडे मात्र लक्ष द्यावे. प्रत्येक नवे कर्नल वेगळ्या नावाचे पॅकेज म्हणून येत असल्याने जुनी साचत जातात, आणि ‘बूट’ या विभागास स्वतंत्र व तुटपुंजी जागा दिलेली असेल तर तो भरून पुढील सुधारणा अर्धवट अडकते. ऑटोरिमूव्ह चालू कर्नल आणि नवीनतम कर्नल राखूनच बाकीची काढतो. हाताने काढावयाचे झाल्यास ‘यूनेम -आर’ने चालू कर्नल कोणते ते आधी पाहावे. ‘एका टिचकीत यंत्र स्वच्छ’ अशी जाहिरात करणारी साधने लिनक्सवरही मिळतात. ती घेऊ नयेत. ज्या दप्तराची तपासणी आपण करावयाची तेथे तपासनीस म्हणून तिऱ्हाइताला बसविण्यात काय हशील?

‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ किंवा ‘डेबसम्स’ यांनी बसविलेल्या फाइली मूळ नोंदीशी जुळतात की नाहीत हे पडताळता येते. मात्र ती नोंद त्याच यंत्रावर ठेवलेली असल्यामुळे डिस्कचा बिघाड किंवा कोणाचा अजाणता फेरफार तिच्या आधारे उघडकीस येतो, रूटचा अधिकार बळकावलेला जाणता चोर ती नोंदही बदलून जाईल. फेडोरा व रेड हॅटच्या घराण्यात हीच कामे आरपीएम आणि डीएनएफ करतात, आर्चच्या घराण्यात पॅकमन करतो. आज्ञांची नावे वेगळी, पण मागितलेले आणि ओघाने आलेले हा भेद तेथेही आहे.

डेबियन स्वतः आपल्या भांडाराची झाडाझडती दर नव्या आवृत्तीच्या वेळी घेते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये १४,१०० हून अधिक नवी पॅकेजे दाखल होऊन एकूण संख्या ६९,८३० च्या वर गेली, आणि ८,८४० हून अधिक पॅकेजे कालबाह्य म्हणून वगळण्यात आली. भांडारातून वगळलेले पॅकेज मालकाच्या यंत्रावरून मात्र कोणी काढून नेत नाही. बाराव्या आवृत्तीवरून तेराव्या आवृत्तीवर आलेल्या वाचकांनी आपल्या मॅन्युअल यादीची एक प्रत यंत्राबाहेर ठेवावी, महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत काढावी, आणि मग त्या ८,८४० पैकी आपल्याकडे कोणती बसून आहेत, ते वर सांगितलेली ‘?ऑब्सोलीट’ची आज्ञा देऊन पाहून घ्यावे.